कॅलेंडरवरचं झाड

"त्या फांदीवर पानं चढव, होसिया. एवढंच म्हणतोय मी," आमच्या चर्चचे रेव्हरंड पेटिग्रू म्हणाले.

ते माझ्या स्वयंपाकघरात बसले होते. पुढ्यात पीचचा गरम केक होता आणि त्यांनी त्याला हात लावला नव्हता. माझ्या हातचा केक रेव्हरंडनी असा गार होऊ दिल्याचे मी कधी पाहिले नव्हते.

होसिया नखातला रंग काडीने कोरत होता. होसिया ट्रिबल, माझा नवरा. दिवसभर गोऱ्यांची घरे रंगवायची, दुकानांच्या पाट्या लिहायच्या आणि उरलेल्या वेळात मिळेल त्या फळीवर, पत्र्यावर चित्रे काढायची, असा त्याचा जन्म चालला होता.

"फांदी गेली तर चित्रात राहिलं काय, रेव्हरंड?" तो शेवटी म्हणाला.

"आपण राहू. आपण आणि आपलं चर्च. ती बाई एकटी नाही येत, मिस्टर वेड येणारेत सोबत."

ही बातमी मीच आणली होती. मिस्टर वेड यांच्या घरी मी इस्त्रीला जाते. त्या मंगळवारी त्यांची बायको, जिला आम्ही कामाची माणसे मिस कॉर्नेलिया म्हणतो, स्वयंपाकघरात येऊन म्हणाली की राजधानीहून तिची मैत्रीण येणार आहे, मिस ऑगस्टा, मोठ्या म्युझियमची बाई. खेड्यापाड्यांतल्या काळ्यांच्या चर्चमधली चित्रे बघत ती फिरते आहे, तिला म्हणे त्यांचे प्रदर्शन भरवायचे आहे. तुमच्याकडे भिंतीवर जॉर्डन नदी काढलीय ना, शनिवारी आमचे हे तिला घेऊन येतील, असे सांगून ती निघून गेली. मिस्टर वेड यांच्या शर्टाची बाही माझ्या हातून जळता जळता राहिली.

आमचे चर्च आधी नदीत बाप्तिस्मा देत असे. मी तिथेच बुडून वर आले, होसियाही तिथेच. नदी वळते तिथे वाळूचा दांडा आहे, एक पांढरा धोंडा आहे आणि पाण्यावर वाकलेला ओक आहे. जमीन मिस्टर वेड यांची, पण पाण्यात उतरायला त्यांनी कधी मनाई केली नव्हती. मग एल्मोर सायक्स लढाईवरून परत आला. गणवेश घालून गावात गेला आणि फुटपाथवर समोरून गोरे आले तेव्हा आम्हाला उतरावे लागते तसा खाली उतरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्या ओकच्या फांदीला टांगलेला सापडला. तिथे कोण कोण होते ते साऱ्या गावाला ठाऊक आहे, आणि विचारले तर कुणालाच ठाऊक नाही. पुढच्या आठवड्यात मिस्टर वेड यांनी माणसे पाठवून ती फांदी खोडापासून हातभर ठेवून कापून टाकली.

त्यानंतर त्या पाण्यात पाय घालायला कुणी तयार होईना. म्हणून चर्चमध्ये वेदीच्या मागे सिमेंटचा हौद बांधला आणि हौदावरच्या भिंतीवर जॉर्डन, येशूचा बाप्तिस्मा झाला ती नदी, काढायचे काम होसियाला दिले. आमच्याकडे बहुतेक चर्चमध्ये तशी असते. होसियाने जॉर्डन कुठे पाहिली होती? त्याने आमचीच नदी काढली. वळण तेच, दांडा तोच, धोंडा तोच. ओकही काढला आणि त्याची कापलेली फांदी, आतल्या पिवळसर लाकडासकट. ज्या रविवारी पडदा बाजूला केला त्या रविवारी चर्चमध्ये कोणी खोकलेसुद्धा नाही. फक्त एल्मोरची आई उठली. वयाने मोठी म्हणून सगळे तिला मदर सायक्स म्हणतात. हौदाचा कठडा धरून ती बराच वेळ बघत राहिली आणि मग पहिल्या बाकावर बसली. एल्मोरच्या थडग्यावर दगड नाही, शेरीफने लावू दिला नव्हता. त्या दिवसापासून ती दर रविवारी त्याच बाकावर बसते.

गोरे आमच्या चर्चमध्ये पाऊल टाकत नाहीत, म्हणून ते चित्र इतकी वर्षे सुखरूप होते.

होसियाचा हट्ट मला कळत नव्हता असे नाही. तरुणपणी तो मेणकापडात चित्रे गुंडाळून शहरातल्या आपल्याच लोकांच्या कॉलेजात गेला होता. तिथले प्राध्यापक आमच्यासारखेच काळे, पण टाय लावलेले. त्यांनी चित्रांच्या आधी त्याचे हात बघितले आणि विचारले, भिंती रंगवतोस का? हो म्हटल्यावर म्हणाले, चांगला धंदा आहे, सोडू नकोस. गुंडाळी उलगडायचीही वेळ आली नाही. पुढे एकदा जत्रेतल्या प्रदर्शनाला त्याने चित्र दिले. गोऱ्यांची चित्रे मोठ्या दालनात लागली. याचे आमच्या लोकांच्या तंबूत लोणच्याच्या बरण्यांशेजारी टांगले आणि हस्तकलेत पहिले म्हणून निळी फीत दिली. ती फीत मी जपून ठेवली आहे. काकडीच्या लोणच्याला हरवलंस बाबा तू, असे मी त्याला चिडवते. तो हसतो, पण त्याला ते लागते.

आणि आता म्युझियमची बाई आपल्या पायांनी त्याचे चित्र बघायला येणार होती. त्याने मला रविवारचा शर्ट स्टार्च करायला सांगितला. एकीकडे हे, आणि दुसरीकडे रस्त्यावर गाडीचा आवाज आला की तो खिडकीपासून लांब सरकत असे. त्याला भीती नव्हती असे कुणी समजू नये. त्याची पाचावर धारण बसली होती आणि तरी तो फांदीवर पाने रंगवत नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

शुक्रवारी दुपारी तो कामावर असताना मी पडवीला देऊन उरलेला हिरवा रंग घेतला, त्याचा एक ब्रश घेतला आणि चर्चमध्ये गेले. हौद कोरडा होता. आत उतरले, खोके ठेवले, वर चढले. वाटले होते, हिरवे फासायला काय लागते. पण फांदी नाकासमोर आली आणि हात चालेना. जवळून ते लाकूड इतके खरे होते की करवतीचा भुसा बोटाला लागेल असे वाटले. कसेबसे एक पान काढले. पान कसले, भेंडीच म्हणा. खालून रंगाचा ओघळ आला. दुसरे काढायला ब्रश उचलला तर खोके डुगडुगायला लागले.

"उतर खाली, पडशील," मागून कुणी म्हणाले.

मदर सायक्स होती. शुक्रवारी ती बाक पुसायला येते हे मी विसरलेच होते. आता ही माझा उद्धार करणार, असे वाटून मी तशीच उभी राहिले.

"भीती वाटते तुला, वर्नेल?"

"वाटते, मदर."

"मलाही वाटते. माझं आता काय घेणारेत ते? तरी वाटते बघ."

तिने ब्रश माझ्या हातून काढून घेतला, आपल्या फडक्याने पुसला आणि परत दिला. पान पुस, असे ती म्हणाली नाही. आणखी काढ, असेही म्हणाली नाही. मी डबा उचलून घरी आले.

शनिवारी गाडी खडीवर वळली तेव्हा रेव्हरंड, होसिया आणि मी दाराशी उभे होतो. मदर सायक्स आत आपल्या बाकावर होती. होसियाने पान सकाळीच पाहिले होते. त्याने ते तसेच ठेवले. पुसायला गेले तर खालचे लाकूडही पुसले गेले असते.

मिस ऑगस्टा हसरी बाई होती, गळ्यात कॅमेरा अडकवलेला. मिस्टर वेड यांनी आत आल्यावरही टोपी काढली नाही. बाई थेट हौदापाशी गेली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली. क्षणभर मला होसियासाठी बरे वाटले.

मग ती बोलायला लागली, तीही मिस्टर वेड यांच्याशी, आम्ही तिथे नसल्यासारखी. किती निरागस आहे, म्हणाली. या लोकांना शिकवायला गेले की बिघडतात, असे तिचे मत होते. पाणी कसे लहान मुलाने काढल्यासारखे आहे, झाड कसे स्वप्नातले आहे, हे ती त्यांना समजावून देत होती. मग तिने बोट उंच केले.

"आणि हे पान बघ, वेड. एकच पान. सगळ्या चित्राचा जीव त्यात आहे. शिकलेल्या चित्रकाराला जन्मात जमायचं नाही हे."

माझे पान. पडवीच्या रंगातली भेंडी. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसून लोळले असते.

मिस्टर वेड पानाकडे बघत नव्हते. ते एक पाऊल मागे आले, मग जरा डावीकडे सरकले, नदीकाठी जिथून ते वळण दिसते तसे. दांड्यावरून त्यांची नजर धोंड्यावर गेली, धोंड्यावरून ओकवर. मी त्यांच्या मानेकडे बघत होते. त्या मानेच्या कॉलरी मी वर्षानुवर्षे कडक केल्या आहेत. मान हळूहळू लाल होत गेली.

"हे झाड मी कुठंतरी पाहिलंय," मिस्टर वेड म्हणाले.

बाई हसली. "छे रे. हे लोक बघून नाही काढत. बघून काढायला शिक्षण लागतं. कुठल्यातरी बायबलच्या चित्रावरून उचललं असेल, कॅलेंडरवरून वगैरे. हो ना, अंकल?"

अंकल म्हणजे होसिया; आमच्या माणसाला मिस्टर म्हणायचे नाही म्हणून गोरे अंकल म्हणतात. बाईचे वय त्याच्याएवढेच असेल.

"बाई विचारतायत, होसिया," मिस्टर वेड म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "कॅलेंडरवरून काढलंस, का बघून?"

हे चित्र तू बघून काढलेस का, असे त्याला आजवर कुणी विचारले नव्हते. आयुष्यभर तो त्या प्रश्नाची वाट बघत होता आणि तो विचारला या माणसाने. हो म्हटले असते तर तो चित्रकार ठरला असता आणि आठवड्याच्या आत आमचे घर पेटले असते, कदाचित चर्चही. स्टार्चच्या शर्टात तो ताठ उभा होता आणि पाठीवर घामाचा डाग पसरत चालला होता. जे काही बोलायचे ते मदर सायक्ससमोर बोलायचे होते.

"कॅलेंडरवरून, सर," होसिया म्हणाला.

"कुठल्या?"

"डोझियर बंधूंच्या. जुनं आहे. घरी आहे."

डोझियर बंधू म्हणजे आमच्या लोकांचे अंत्यविधीवाले. दर वर्षी ते घरोघर कॅलेंडर वाटतात, वर बायबलमधले चित्र, त्याखाली त्यांचे नाव आणि तारखा. 'घरी आहे' हे शब्द त्याच्या तोंडून भीतीनेच निघाले, नको तिथे. मिस्टर वेड यांनी ते बरोबर उचलले.

"मंगळवारी वर्नेल येईल ना, तिच्याबरोबर पाठव. बघू दे मला."

बाईने फोटो काढले. निघताना तिने चित्राखाली नाव काय लिहू असे मिस्टर वेड यांनाच विचारले. होसिया, ते म्हणाले. आडनाव? ते त्यांना ठाऊक नव्हते. त्यांचे घर आतून-बाहेरून होसियानेच रंगवलेले आहे. त्यांनी होसियाकडे बघितले.

"नाव नका लिहू, मॅम," होसिया म्हणाला. "नक्कल आहे. माझं काय त्यात."

किती साधी माणसं, असे म्हणून बाई गाडीत बसली.

गाडीची धूळ खाली बसेपर्यंत आम्ही कुणी हललो नाही. मग रेव्हरंड पायरीवरच बसले. असे कॅलेंडर नव्हतेच. आमच्या घरातल्या कॅलेंडरवर मेंढरे होती. मी म्हटले, आजच निघू, उत्तरेत डेट्रॉइटला माझी बहीण आहे. होसिया म्हणाला, निघालो म्हणजे कबूल केल्यासारखं, आणि मागे राहतील त्यांनी काय करायचं? हरवलं म्हणून सांगावं, असे रेव्हरंड म्हणाले, पण ते त्यांनाही पटलेले दिसले नाही.

मदर सायक्स काठी टेकत बाहेर आली. होसियाने मान खाली घातली. ती त्याच्यासमोर थांबली.

"घरी जाऊन जेव काहीतरी," ती म्हणाली. "तोंड बघ केवढंसं झालंय."

होसियाने रविवारी चर्च सुटल्यावर तसे कॅलेंडर करायला घेतले आणि सोमवारी कामावर खाडा केला. दारे-खिडक्या लावून तो भरदुपारी दिवा घेऊन बसला. मी पडद्याच्या फटीतून रस्ता बघत उभी होते. रेव्हरंडच्या अडगळीतून डोझियर बंधूंचे एक पिवळे पडलेले कॅलेंडर मिळाले होते. किटलीच्या वाफेवर धरून त्याने वरचे चित्र सोडवले आणि तेवढ्याच गुळगुळीत कागदावर, अंड्याच्या बलकात रंग कालवून, नवे काढायला घेतले. छापील वाटावे म्हणून चार केसांच्या ब्रशाने नुसते ठिपके दिले. आकाश मुद्दाम गुलाबी केले. स्वस्त छपाईत रंग जसे रेघेच्या बाहेर सरकतात तसे कडेला सरकवले. पाण्यात सोनेरी केसांचा येशू उभा केला. पण ओक तोच होता, आणि फांदीही. भिंतीवर आहे ते यात असायलाच हवे होते.

सोमवारी संध्याकाळी मी जवळ जाऊन बघितले. माझे पानसुद्धा त्याने काढले होते, ओघळासकट. पण त्याच्या हातून ते पान झाले होते. फांदी मेलेली आहे आणि तरी तिला एक पान फुटले आहे, असे दिसत होते.

"होसिया, हे तुझं सगळ्यात चांगलं चित्र झालंय," मी म्हटले.

"तसं दिसायला नको," तो म्हणाला. त्याने चित्र जुन्या कॅलेंडरवर डकवले, अंड्याच्या पांढऱ्याचा हात दिला आणि तो वाळल्यावर कोपऱ्यावर तळणीचे तेल लावून एक डाग पाडला.

मंगळवारी मी ते पिशवीत घालून नेले. वाटेत दोनदा मागे वळावेसे वाटले. मिस्टर वेड स्वयंपाकघरात गार चहा पीत बसले होते. त्यांनी हात पुढे केला. पेल्याचे पाणी त्यांच्या बोटांवर होते. ओला अंगठा चित्राला लागला तर रंग सुटेल, हे मला तेव्हा सुचले. त्यांनी हात विजारीला पुसला. कॅलेंडर खिडकीच्या उजेडात धरले. खालचे डोझियर बंधूंचे नाव ओठ हलवत वाचले. मग पुष्कळ वेळ ते त्या झाडाकडे बघत राहिले. मी इस्त्री हातात धरून उभी होते आणि ती तापलीच नव्हती.

"हं," ते म्हणाले. "छापलंय खरं कुणीतरी."

त्यांनी खिळा ठोकला आणि ते माझ्या इस्त्रीच्या टेबलासमोरच टांगले.

"राहू दे इथंच," ते म्हणाले.

त्यांना ते पटले होते की माझ्यावर नजर ठेवायला त्यांनी ते तिथे लावले, हे मला आजही सांगता येत नाही. प्रदर्शन भरले, बरेच गाजले म्हणे. मिस कॉर्नेलिया बघून आली. आमच्या चर्चचा फोटो मोठा करून लावला होता आणि खाली लिहिले होते, चित्रकार अज्ञात, कॅलेंडरवरून. लोक त्या पानासमोर गर्दी करतात, असे ती सांगत होती. आमच्या लोकांना म्युझियममध्ये फक्त गुरुवारी सोडतात. आम्ही गेलो नाही.

अजून मी मंगळवारी तिथे इस्त्री करते. मिस्टर वेड चहाला येतात, कॅलेंडरकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. मी कॉलरीवरून नजर उचलत नाही. माझ्या नवऱ्याचे सगळ्यात चांगले चित्र त्या घरात आहे, अंत्यविधीवाल्यांच्या नावाने, आणि मी मान वर करून ते बघू शकत नाही.

घरी आले की होसिया हातातले काम सोडून दाराशी येतो. दर मंगळवारी तो एकच विचारतो.

"उन्हानं रंग उडतोय का गं?"

रंग उडून चोरी उघडी पडेल म्हणून विचारतो की आणखी कशासाठी, ते मी त्याला विचारलेले नाही.

"नाही," मी सांगते. "आहे तसंच आहे."

मग तो हात धुऊन जेवायला बसतो.